मध्येंच बंद पडणारें इंजिन व त्याची परीक्षा

दावणीच्या बैलानें वैरणीस तोंड लावलें नाहीं, तर शेतकरी त्याचे कान चाचपून पाहतो, शेण पाहतो, डोळे पाहतो, काल त्यानें काय खाल्लें व किती ओढलें हें आठवतो, आणि मगच औषधाचा विचार करतो. परंतु तोच शेतकरी दारांतील गाडी सुरू होत नाहीं असें पाहतांच पहिला प्रश्न विचारतो तो असा कीं, "कोणता पार्ट बदलावा?" जनावराच्या बाबतींत जी सावधगिरी आपण पिढ्यान्पिढ्या शिकत आलों, ती यंत्राच्या बाबतींत अद्यापि शिकलों नाहीं, असें आम्हांस वाटतें. ही उणीव किती महाग पडते, हें स्वतःच्या अनुभवानें कळून आल्यामुळेंच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों.

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत गाडी ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. भाताचीं पोतीं, आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, शाळेचीं मुलें, आजारी माणूस, या सर्वांचा भार तिच्यावरच. आणि रस्ते पाहावे तर सपाट असे थोडेच. पोलादपुराहून महाबळेश्वरास चढावयाचें तर आंबेनळीचा घाट. महाडाहून भोरास जावयाचें तर वरंध्याचा घाट. खेडाकडे कशेडीस आतां बोगदा झाला असला, तरी आपल्या वाड्यांचे रस्ते डोंगराच्या अंगावरूनच जातात. त्यांतून जून ते सप्टेंबरपर्यंत पावसाची झड, सावित्री व गांधारी यांचे पूर, आणि हवेंतील ओल. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नाहीं. म्हणून पंधरा-वीस वर्षें वापरलेल्या जीपा, पिकअप व टेंपो हेच पुष्कळांचे आधार. खाजगी गाडीच्या नोंदणीस १५ वर्षें झालीं म्हणजे तपासणी करवून ती नोंदणी ५ वर्षांकरितां नवी करावी लागते. तेवढें केलें म्हणजे गाडी कायद्यानें रस्त्यावर येते. परंतु ती घाट चढून जाईल याची हमी तो कागद देत नाहीं.

कायमचें बिघडलेलें यंत्र दुरुस्त करणें त्या मानानें सोपें असतें, कारण मोडलेली वस्तु मोडलेलीच दिसते. कठीण असतो तो कधीं येणारा व कधीं जाणारा दोष. त्याची तऱ्हा पाळीच्या हिवतापासारखी आहे. ताप चढतो तेव्हां वैद्य जवळ नसतो, आणि वैद्याकडे न्यावें तों रोगी घाम येऊन मोकळा झालेला असतो. गाडी घाटांत बंद पडते, मिस्त्रीच्या दारांत मात्र अर्ध्या सेल्फांत सुरू होते. मग मिस्त्री तरी काय करणार? तो अनुभवावरून अंदाज बांधतो, एक पार्ट बदलतो, आणि पाळी चुकलेली असल्यामुळें रोग बरा झाला असें दोघांसहि वाटतें.

आमच्या जीपेची हकीकत

आमची डिझेल जीप जुनी आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाडास जो महापूर आला, त्या वेळीं ती शहरांत एका आप्ताच्या अंगणांत उभी होती व बैठकीपर्यंत पाण्यांत बुडाली. पूर ओसरल्यावर इंजिनाचें तेल बदललें, वायरी वाळविल्या, बैठकी उन्हांत घातल्या, आणि जीप पूर्ववत् चालूं लागली. डिझेलची टाकी मात्र वरवर रिकामी करून तशीच ठेविली. ती चूक आमचीच होती.

पुढें २०२३ च्या मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन आंबेनळी चढत असतां एका वळणावर जीपेचा जोर हळूहळू कमी झाला, दोन-तीन गचके बसले, आणि इंजिन बंद पडलें. मागें गाड्यांची रांग लागली. वीस मिनिटांनीं सेल्फ मारतांच, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत इंजिन सुरू झालें. आठवड्यानें पुन्हां तोच प्रकार. एका मिस्त्रीनें फिल्टर बदलला. दुसऱ्यानें फीड पंप बदलला. तिसऱ्यानें मुख्य डिझेल पंप उतरवून दुरुस्तीस धाडला. प्रत्येक उपायानंतर पंधरवडाभर गाडी बरी चाले व पुन्हां घाटांत मान टाकी. या तिन्ही उपायांस मिळून जो खर्च आला, तो एका दुभत्या म्हशीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

जुलैच्या एका रात्रीं पाऊस कोसळत असतां आमच्या शेजाऱ्यांच्या वृद्ध मातोश्रींस धाप लागली. त्यांस महाडास न्यावयाचें म्हणून आम्हीं किल्ली फिरविली, तों इंजिन फिरेचना. "टक्" असा एक आवाज होई व पुढें शांतता. धक्का मारावा तर अंगणांत चिखल. पलीकडच्या वाडींतून दुसरी गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटें गेलीं. ईश्वरकृपेनें त्या बऱ्या झाल्या; परंतु त्या चाळीस मिनिटांत ओटीवर बसलेल्या त्या माउलीच्या श्वासाचा आवाज आम्ही विसरूं शकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुन्हां गॅरेजची वाट न धरतां प्रथम एक वही घेतली.

वहींतील नोंदी

जीप जेव्हां जेव्हां बंद पडे किंवा सुरू होत नसे, तेव्हां तेव्हां पुढील गोष्टी जागच्या जागीं लिहावयाच्या, असा आम्हीं नियम केला:

१. इंजिन थंड होतें कीं तापलेलें? सुरू करून किती वेळ झाला होता?
२. चढ, उतार कीं सपाटी? गाडींत भार किती?
३. टाकींत डिझेल किती होतें व शेवटचें कोठून भरलें?
४. आदल्या रात्रीं पाऊस होता काय?
५. इंजिन धापा टाकीत बंद पडलें, कीं दिवा फुंकावा तसें एकाएकीं?
६. बंद पडल्यावर सेल्फ फिरत होता काय? समोरचे दिवे लख्ख होते कीं मंद?
७. किती वेळानें व काय केल्यावर पुन्हां सुरू झालें?

दोन महिन्यांत नऊ नोंदी झाल्या, आणि त्या एकाखालीं एक वाचतांच जें तीन दुरुस्त्यांनीं कळलें नव्हतें तें कळून आलें. सहा वेळां जीप चालतां चालतां बंद पडली होती. त्या सहाही वेळां चढ होता, भार होता, अर्ध्या तासाहून अधिक प्रवास झालेला होता, इंजिन धापा टाकीत बंद पडलें होतें, आणि पंधरा-वीस मिनिटें थांबल्यावर आपोआप सुरू झालें होतें. बिरवाडीच्या बाजारास सपाटीनें जातांना हा प्रकार एकदांहि झाला नव्हता. उरलेल्या तीन वेळां जीप मुळींच सुरू झाली नव्हती. त्या तिन्ही वेळां रात्रीं पाऊस पडून गेला होता, इंजिन थंड होतें, "टक्" असा आवाज होत होता, आणि दिवे मात्र लख्ख होते.

या दोन याद्यांत एकहि लक्षण समान नव्हतें. म्हणजे एका अंगांत दोन दुखणीं होतीं, व आम्ही आणि आमचे मिस्त्री त्यांस एकच दुखणें समजून औषध देत होतों. वही न लिहितां हें कळणें आम्हांस तरी अशक्य होतें. कारण मनुष्याची आठवण ही सोयीची तेवढीच गोष्ट जपून ठेविते.

धापा टाकून बंद पडणें

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यास १८९३ सालीं ज्या इंजिनाचें पेटंट मिळालें, त्याची खुबी अशी कीं, त्यास ठिणगी लागत नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटावें. म्हणून डिझेल इंजिनास मुख्यतः दोनच गोष्टी पाहिजेत: स्वच्छ हवा भरपूर दाबानें, व स्वच्छ डिझेल योग्य वेळीं. चालतें इंजिन धापा टाकीत मरूं लागलें, तर बहुधा त्याची उपासमार होत असते असें समजावें.

डिझेलचा मार्ग असा आहे. टाकीच्या तळाशीं नळीचें तोंड असतें व त्यास बहुधा बारीक जाळी असते. तेथून डिझेल नळीनें फीड पंपाकडे येतें, पंप तें फिल्टरांतून मुख्य पंपाकडे ढकलतो, मुख्य पंप तें नॉझलांवाटे इंजिनांत सोडतो, आणि जास्तीचें डिझेल परतीच्या नळीनें टाकीकडे जातें. यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलें जातें, ढकललें जात नाहीं. ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. फूटव्हॉल्व्हच्या जाळींत पालापाचोळा अडकला तर पंप कोरडा ओढतो, आणि सक्शनच्या नळीस बारीक भेग पडली तर पाणी बाहेर न ठिबकतां हवा आंत शिरते. जीपेचेंहि तसेंच आहे. ओढणाऱ्या बाजूची नळी चिरली असली तरी खालीं डिझेलचा थेंब दिसेलच असें नाहीं. म्हणून "कोठें गळती नाहीं" एवढ्यावर समाधान मानूं नये.

परीक्षा पुढील क्रमानें करावी. स्वस्त व सोपी परीक्षा आधीं, पाना लावण्याची मागून.

पहिली परीक्षा झांकणाची. गाडी बंद पडतांच टाकीचें झांकण उघडावें. "फुस्स" करून हवा आंत ओढली गेली व गाडी लागलीच सुरू झाली, तर टाकीची श्वासनलिका किंवा झांकणाचें छिद्र बुजलें आहे. डिझेल बाहेर जातें तितकी हवा आंत यावयास पाहिजे. ती न आल्यास पंपाची ओढ व्यर्थ जाते. चिखलानें हें छिद्र बुजण्याचे प्रकार आपल्याकडे पुष्कळ होतात. आमच्या जीपेंत असा आवाज आला नाहीं; म्हणून आम्ही पुढें गेलों.

दुसरी परीक्षा हातपंपाची. फीड पंपावर हातानें दाबावयाचा दांडा असतो. गाडी बंद पडल्याबरोबर तो दाबून पाहावा. दाबलेला दांडा वर येण्यास कुरकुर करूं लागला, तर ओढणाऱ्या बाजूस अडथळा आहे. तो वरखालीं सहज होतो, परंतु कितीहि दाबला तरी घट्ट लागत नाहीं, असें असल्यास हवा शिरत आहे. आमचा दांडा घाटांत वर येईना. अर्ध्या तासानें मात्र सुखेनैव वर आला.

तिसरी परीक्षा पारदर्शक नळीची. फिल्टरच्या आधीं डिझेल सोसणारी पारदर्शक नळी वीतभर बसवावी व इंजिन चालू असतां तींत पाहावें. बुडबुड्यांची माळ धांवत असेल तर रबरी नळ्या, त्यांच्या पट्ट्या व जोडावरील तांब्याचे वॉशर एकेक करून तपासावे. आमच्या नळींत बुडबुडे नव्हते. म्हणजे हवेचा संशय गेला व अडथळ्याचा बळावला.

चौथी परीक्षा उलट हवेची. टाकीकडून येणारी नळी पंपापाशीं सोडवून, टाकीचें झांकण उघडें ठेवून, सायकलच्या पंपानें टाकीच्या दिशेस हवा मारावी. त्यानंतर गाडी चार-सहा दिवस उत्तम चालली व पुन्हां तेंच रडगाणें सुरू झालें, तर कचरा टाकींतच आहे असें निश्चित समजावें. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा येथें वापरूं नये, व पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग घरीं मुळींच करूं नये.

आमच्या बाबतींत पांच दिवस सुखाचे गेले व सहाव्या दिवशीं जीप थांबली. तेव्हां टाकी उतरविली. तळाशीं पुराच्या गाळाचा थर, गंजाचे पापुद्रे, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर वाढणारा काळपट बुळबुळीत मळ आढळला. पाणी राहिलेल्या डिझेलांत सूक्ष्म जंतु वाढतात व त्यांचा हा मळ होतो, हें यंत्रशास्त्रज्ञांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. सपाटीवर इंजिनास डिझेल थोडें लागतें, तेव्हां ओढ सौम्य असे व कचरा तळाशीं पडून राही. घाटांत भारासह डिझेल अधिक लागे, ओढ वाढे, पापुद्रे जाळीवर जाऊन बसत व तिचें तोंड बुजत. गाडी बंद पडली कीं ओढ थांबे, पापुद्रे पुन्हां तळाशीं सुटून पडत, आणि वीस मिनिटांनीं इंजिन निरोगी होई. नवा फिल्टर, नवा फीड पंप, दुरुस्त केलेला मुख्य पंप, हे सर्व निर्दोष होते. त्यांच्यापर्यंत अन्नच पोंचत नव्हतें.

एकाएकीं बंद पडणें

चालतें इंजिन धाप न टाकतां, दिवा फुंकावा तसें बंद पडलें, तर प्रथम विजेच्या बाजूस संशय घ्यावा. कित्येक डिझेल पंपांवर विजेनें उघडणारी एक झडप असते. तिला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवितांच तिचा बारीक "टिक्" आवाज येतो व डिझेलची वाट मोकळी होते. तिची वायर सैल झाली, फ्यूजची घोळ गंजली, किंवा किल्लीचा स्विच झिजून आंतील पत्रे एकमेकांस धड लागेनात, कीं खड्ड्यांतून जातांना क्षणभर वीज तुटते व इंजिन थांबतें. परीक्षा सोपी आहे. गाडी सपाटीवर उभी करून, हातब्रेक लावून, इंजिन मंद चालू ठेवावें. फिरणाऱ्या पट्ट्यापासून व पंख्यापासून हात व कपडे दूर राखून एकेक वायर हलवावी. किल्लीचा जुडगा हालवून पाहावा. ज्या ठिकाणीं हात लागतांच इंजिन अडखळेल, तेथेंच दोष. बारा व्होल्टांच्या बल्बास दोन वायरी जोडून केलेला परीक्षादीप प्रत्येक शेतकऱ्याच्या गाडींत असावा. बंद पडलेल्या गाडींत किल्ली चालू ठेवून तो सोलेनॉइडच्या वायरीस लावला असतां उजेड पडला नाहीं, तर पंप उतरविण्याचें कारण नाहीं. वीज कोठें अडली तेवढें शोधावें.

जुन्या पेट्रोल गाडींत ठिणगीची कॉइल, कंडेन्सर व पॉइंट हे संशयित. तापल्यावर बिघडणें व निवल्यावर सुधारणें ही दुबळ्या कॉइलची ठळक खूण आहे. बंद पडतांच ठिणगी येते कीं नाहीं हें मिस्त्रीकडून पाहवून घ्यावें. इंजिन निवल्यावर पाहून उपयोग नाहीं. अलीकडच्या संगणकाच्या गाड्यांत इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा क्रँक सेन्सर असतो. तोहि तापल्यावर मुका होतो व निवल्यावर बोलूं लागतो. अशा गाडींत कांट्यांच्या फळीवर कोणता दिवा लागला होता तें लिहून ठेवावें व स्कॅनर असलेल्या ठिकाणीं ती टिपण दाखवावी.

मुळींच सुरू न होणें

येथें कान हेंच पहिलें साधन. किल्ली फिरविली असतां तीनपैकीं एक प्रकार घडतो.

सेल्फ कण्हतो किंवा गप्प बसतो, आणि समोरचे दिवे मंद होतात: बॅटरी अशक्त आहे, किंवा तिच्या टोंकांवर पांढरा-हिरवा क्षार सांचला आहे. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिती झाली. इंजिन चालू असतां आंकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. नसल्यास बॅटरी बदलण्यापूर्वीं तिला भरणारा आल्टरनेटर तपासावा.

"टक्" होतें, सेल्फ फिरत नाहीं, आणि दिवे लख्ख राहतात: बॅटरींत जोर आहे, पण तो सेल्फापर्यंत पोंचत नाहीं. सेल्फाचा सोलेनॉइड, त्याची जाड केबल, किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी यांपैकीं एक दोषी. अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या ऋण टोंकापासून इंजिनास व सांगाड्यास जाणारी परतीची वाट. दिव्यांची परतीची वाट सांगाड्यांतून असते, म्हणून ते लख्ख राहतात. सेल्फाची वाट इंजिनावरून असते, व तीच तुटलेली असते.

सेल्फ भरदार फिरतो, पण इंजिन पेटत नाहीं: डिझेल येत नाहीं, हवा शिरली आहे, किंवा थंडींत इंजिन तापविणारे ग्लो प्लग गेले आहेत. येथें मागील परीक्षा लागू कराव्या.

आमच्या तीनहि नोंदी दुसऱ्या प्रकारच्या होत्या. म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून व हातब्रेक लावून, जंपर केबलचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावलें. किल्ली फिरवितांच इंजिन गरजून उठलें. खालीं वांकून पाहिलें तों अर्थिंगची विणलेली पट्टी वरून बरी दिसत होती, परंतु बोल्टाखालीं ती हिरवी पडून धाग्यांनीं सुटली होती. पुराचें पाणी दोन वर्षें तिला आंतून खात होतें. ओल चढली कीं ती वीज नाकारी. ज्यांच्याजवळ मीटर आहे त्यांनीं एक तार बॅटरीच्या ऋण खांबास व दुसरी इंजिनाच्या धातूस लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसल्यास परतीची वाट खराब आहे असें समजावें.

एक पट्टी, दोन बोल्ट, टाकीची सफाई व नवी जाळी, एवढ्यांत दोन्ही दुखणीं गेलीं. त्यांस लागलेला पैसा पूर्वींच्या खर्चापुढें सांगण्यासारखाहि नाहीं.

पेट्रोल वापरणाऱ्यांस सूचना

देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत आलें. इथेनॉल पाण्यास जवळ करतें. थोडें पाणी तें पोटांत घेतें. पण मर्यादा ओलांडली कीं पाणी व इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळीं होतात व तळाशीं बसतात, आणि इंजिन तळचेंच ओढतें. म्हणून पावसाळ्यांत महिनोन्महिने उभी राहणारी मोटारसायकल किंवा फवारणीचा पंप सुरू न झाल्यास, थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून, विस्तवापासून दूर, तासभर स्थिर ठेवावें. दोन थर दिसल्यास तें पेट्रोल टाकून द्यावें. या मिश्रणाकरितां न बनविलेल्या जुन्या रबरी नळ्या त्यानें फुगतात व चिरतात, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

घाटांत इंजिन बंद पडल्यास

इंजिन थांबलें कीं ब्रेकास मिळणारें साहाय्य फार तर एक-दोन दाबांपुरतें उरतें. म्हणून ब्रेक पुन्हां पुन्हां न मारतां एकदांच जोरानें दाबून धरावा, गाडी डोंगराच्या बाजूस घ्यावी, हातब्रेक ओढावा, आणि चाकांस दगड लावल्याशिवाय कोणासहि खालीं वांकूं देऊं नये. तोंड चढाकडे असल्यास पहिला गियर व उताराकडे असल्यास रिव्हर्स गियर घालून ठेवावा. मागें वळणाच्या पलीकडे माणूस उभा करावा. इंजिन बंद ठेवून न्यूट्रलमध्यें उतरण्याचें साहस तर कोणींहि करूं नये. डिझेल वांचविण्याच्या नादांत ब्रेक व स्टिअरिंग या दोहोंचा जोर जातो. आणि पुरांत बुडालेल्या गाडीस पाणी ओसरतांच सेल्फ मारण्याचा मोह आवरावा. इंजिनांत पाणी असल्यास तें दबत नाहीं. त्याऐवजीं आंतील दांडा वांकतो, व शेंकड्यांचें काम लाखाच्या घरांत जातें.

मृगापूर्वींचीं कामें

पेरणीपूर्वीं आपण औत-अवजारें पाहून ठेवितों. त्यांतच अर्धा दिवस गाडीस द्यावा. फिल्टरखालचा स्क्रू सोडून सांचलेलें पाणी काढावें व पावसाळाभर तें पंधरवड्यानें पाहावें. कॅनमधून डिझेल भरावयाचें झाल्यास कॅन रात्रभर स्थिर ठेवून तळचें दोन बोटें डिझेल कॅनमध्येंच राहूं द्यावें. पावसाळ्यांत टाकी फार रिकामी ठेवूं नये. रिकाम्या जागेंतील दमट हवा रात्रीं निवून टाकींत पाणी सुटतें. बॅटरीचीं टोंकें व अर्थिंगचे बोल्ट सोडून, घासून चकचकीत करून, घट्ट आवळून, मग वरून व्हॅसलीन लावावें. आधीं लावूं नये.

मिस्त्रीवर अविश्वास दाखवावा असें आमचें म्हणणें नाहीं. उलट चांगल्या मिस्त्रीस आपण खरी हकीकत सांगत नाहीं, हाच त्याच्यावर अन्याय आहे. "गाडी बंद पडते" एवढेंच सांगून त्याच्याकडून निदानाची अपेक्षा करणें, म्हणजे "बैलास बरें नाहीं" असा निरोप धाडून गुरांच्या डॉक्टरांकडून औषध मागविण्यासारखें आहे. आम्हीं वही दाखविली तेव्हां ज्या मिस्त्रीनें मुख्य पंप उतरविला होता, त्यानेंच ती दोनदां वाचली व म्हटलें, "हें आधीं दाखविलें असतें, तर मी पंपास हात लावला नसता." त्याचें बोलणें आम्हांस मान्य करावें लागलें.

आमच्या वाचकबंधूंस एवढाच आग्रह आहे कीं, दोन-तीन रुपयांची पेन्सिल, शाळकरी वही व एक परीक्षादीप आजच गाडींत ठेवावा, आणि कोणताहि पार्ट बदलण्यापूर्वीं निदान तीन नोंदी हातीं असाव्या. आमची जीप त्यानंतर आंबेनळी अनेकदां चढून गेली. शेजाऱ्यांच्या मातोश्री तपासणीकरितां तिच्यांतूनच महाडास जातात. आणि पावसाळी रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां किल्ली फिरवून पाहण्याची संवय आम्हांस लागली आहे, ती आम्हीं अद्यापि मोडलेली नाहीं.